जुनी मासेमारी नौका घेताय? विसार देण्याआधी मालकी आणि देणी अशी तपासा

माझ्या मावसभावाने तीन सिलिंडरची जुनी बोट घेतली तेव्हा जून महिना होता. बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली होती. विकणारा ओळखीचा, लाकूड ठोकून बघायला दोन जाणते सुतार बरोबर नेलेले. नोंदणीचा कागद बघितला, नोटरीसमोर करार झाला, पैसे दिले गेले. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपली. तो डिझेल भरायला गेला आणि कळलं, की या नौकेच्या खात्यावर जुन्या मालकाची उधारी आहे, ती फिटेपर्यंत डिझेल मिळणार नाही. दोन दिवसांनी जुना तांडेल, म्हणजे नौका हाकणारा मुख्य खलाशी, दारात उभा राहिला. मागच्या हंगामाचा हिशेब अजून झालेला नव्हता. गणपतीच्या तोंडावर एका पतसंस्थेचा माणूस आला आणि म्हणाला, इंजिन आमच्या कर्जातलं आहे. बोटीच्या फळ्या तिघांनी तपासल्या होत्या. देणी कुणीच तपासली नव्हती.

मी तेव्हा एका मच्छीमार संस्थेत हिशेब लिहीत होते. असले व्यवहार कसे अडकतात हे मला रोज वह्यांत दिसत होतं, आणि तरी घरच्या माणसाला वेळेवर सांगितलं नाही, याचं वाईट आजही वाटतं. तेव्हापासून कुणी नौका घ्यायला निघालं की मी त्यांच्याबरोबर कागद बघायला बसते. हे सगळं महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या यांत्रिक मासेमारी नौकांबद्दल आहे. पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींचे नियम वेगळे, त्यांच्याबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

एक गैरसमज आधी काढून टाका. मोटारगाडी घेताना आरसी बुकावर कर्जाची नोंद दिसते, गाडीचा नंबर टाकला की बरीच माहिती ऑनलाइन मिळते. नौकेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर कर्जाची नोंद असेलच, असा भरवसा धरू नका. नौकेचं कर्ज बँकेच्या खात्यात असतं, संस्थेच्या खतावणीत असतं, पतसंस्थेच्या वसुली दाखल्यात असतं, दलालाच्या वहीत असतं. काही वेळा तर फक्त तांडेलाच्या डोक्यात असतं. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन विचारावं लागतं.

आधी नौका, मग कागद

नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स खिशात ठेवा आणि नौकेजवळ जा. आपल्याकडच्या नौकांचा क्रमांक ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होतो. पुढे एक आकडा, मग प्रकाराची अक्षरं आणि शेवटी अनुक्रमांक. यांत्रिक नौकेला ‘एमएम’, बाहेरून यंत्र लावलेल्या छोट्या होडीला ‘एमओ’, बिनयंत्राच्या होडीला ‘एनएम’. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून तिच्यातून आले होते. त्यानंतर नौकांचे क्रमांक, रंग आणि खलाशांची ओळखपत्रं यांबाबत सगळीकडे कडक झालं. त्यामुळे नाळेवरचा, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरचा, क्रमांक पुसट आहे, नव्याने रंगवलाय किंवा कागदाशी जुळत नाही, तर तो व्यवहार तिथेच थांबवा. एकच क्रमांक दोन नौकांवर रंगवलेला असणं हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. एक नौका भंगारात निघते आणि तिचे कागद दुसरीच्या अंगावर चढतात.

म्हणून टेप घेऊन जा. प्रमाणपत्रावर लांबी, रुंदी, खोली लिहिलेली असते, ती मोजा. फायबरची नौका कागदावर लाकडी दिसत असेल, किंवा लांबीत चार-पाच फुटांचा फरक असेल, तर विचारा. दुरुस्तीत लांबी वाढवली असेल तर ते खरंही असू शकतं, पण मग त्या बदलाची नोंद कार्यालयात झालेली हवी.

मग इंजिन. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. त्यावरचं तेल-काजळी पुसून मोबाइलवर फोटो काढा आणि प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. जुन्या नौकेचं इंजिन एकदा तरी बदललेलं असतंच. नवं इंजिन कधी, कुठून आणि कुणाच्या पैशातून घेतलं, त्याचं मूळ बिल कुठे आहे, हे मालकाला विचारा. माझ्या मावसभावाचा घोटाळा इथेच झाला होता. बोटीवर कर्ज नव्हतं, इंजिनावर होतं. विंच, जाळी, फिशफाइंडर, वायरलेस यांचंही तसंच. व्यवहारात जे-जे येणार ते एकेक लिहून काढा आणि प्रत्येकाचं बिल मागा. जाळी उसनी आणून नौकेवर ठेवलेली, असंही मी पाहिलं आहे.

कागदांचा गठ्ठा

मालकाकडून मूळ कागद मागा, झेरॉक्स नको. नोंदणी प्रमाणपत्र, चालू मासेमारी परवाना, विमा पॉलिसी, नौका बांधल्याचं किंवा आधी विकत घेतल्याचं बिल वा करार, आणि मधल्या प्रत्येक मालकाचे हस्तांतराचे कागद. नौका तिसऱ्या-चौथ्या हातातली असेल तर साखळीतली एकही कडी गळता कामा नये. ज्याला विकण्याचा हक्क नाही त्याच्याकडून घेणाऱ्यालाही हक्क मिळत नाही, हा मालविक्री कायद्याचा साधा नियम आहे. तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजले असले तरी तो सहसा बदलत नाही.

विम्याच्या पॉलिसीकडे लोक लक्ष देत नाहीत. मी आधी तीच उघडते. कर्ज देणारी बँक विम्याशिवाय कर्ज देत नाही आणि पॉलिसीवर आपलं नाव घालून घेते. मालक ‘कर्ज फिटलं’ म्हणतोय आणि यंदाच्या पॉलिसीवर बँकेचं नाव आहे, तर विचारायला जागा आहे. चालू वर्षाचीच नको, मागच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागा. अचानक विमा बंद झालेला दिसला, तर पैशाची ओढ तेव्हापासूनची आहे, असं मी धरून चालते.

दुसरं, मूळ नोंदणी प्रमाणपत्र ‘घरी सापडत नाही’, ‘भावाकडे आहे’, ‘ऑफिसात दिलंय’ अशी उत्तरं आली, तर ते कुणाकडे तरी तारण म्हणून ठेवलेलं असण्याची शक्यता धरा. किनाऱ्यावर हातउसने पैसे देणारे बऱ्याचदा कागदच ठेवून घेतात.

सही करणारा खरा मालक आहे का

नोंदणीवर एक नाव आणि नौका चालवणारे तिघे भाऊ, हे आपल्या किनाऱ्यावर घरोघरचं चित्र. पैसे तिघांनी घातलेले असतात, नाव थोरल्याचं असतं. थोरला विकायला तयार आणि धाकटा तुमच्या नौकेवर येऊन बसला, तर हंगाम कोर्टात जाईल. म्हणून नाव नसलेल्या भावांचीही संमती लेखी घ्या. भागीदारीची नौका असेल तर भागीदारीचा करार मागा. गटाच्या नावावर असेल तर गटातल्या प्रत्येकाची सही हवी.

मालक वारला असेल आणि नौका अजून त्याच्याच नावावर असेल, तर आधी वारसांच्या नावावर होऊ द्या, मग घ्या. कुणाचा धर्म कोणता, त्यानुसार वारसा कायदा वेगळा, पण बायको आणि लग्न होऊन गेलेल्या मुली या वारसांत येतात, हे विसरू नका. ‘बहिणींचं काही नाही, त्यांना देऊन झालंय’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे! बहिणींनी तसं लिहून दिलेलं असेल तरच ते धरायचं.

मुखत्यारपत्रावर विक्री करणारा भेटला तर मूळ मालक जिवंत आहे का, ते बघा. मालक गेला की त्याने दिलेलं साधं मुखत्यारपत्रही संपतं. मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या, तो गावात असेल तर घरी जाऊन भेटा.

कर्ज आणि तारण

इथे बहुतेक जण एकाच बँकेत चौकशी करतात आणि थांबतात. नौकेवरचं कर्ज शोधायचे किमान चार दरवाजे आहेत.

पहिला बँकेचा. मालकाचं खातं कुठल्या शाखेत आहे ते विचारा आणि त्याला बरोबर घेऊनच जा. परक्याला बँक खात्याची माहिती देणार नाही. कर्ज नसेल तर तसं पत्र, फिटलेलं असेल तर बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा कागद. मालकाला त्याचा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. प्रत्येक पतमापन कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पतसंस्थेचं कर्ज त्यात दिसेलच असं नाही, पण बँकेचं लपत नाही.

दुसरा संस्थेचा. राष्ट्रीय सहकार विकास निगम, म्हणजे ज्याला सगळे एनसीडीसी म्हणतात, त्याच्या पैशातून राज्य सरकार आणि मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत आपल्याकडे पुष्कळ नौका बांधल्या गेल्या. त्यांतल्या कित्येकांची कर्जं थकली. वर्षानुवर्षं थकलेलं असं कर्ज मालक ‘सरकारी आहे, माफ होणार आहे’ म्हणून मोजतच नाही. तुम्ही मोजा. नौका अशा योजनेतली आहे का, हे संस्थेच्या कार्यालयात आणि जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात, दोन्हीकडे विचारा. संस्थेकडे तारण असलेली वस्तू संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय विकता येत नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून अनुदान घेतलेलं असेल, तर लाभार्थ्याने लिहून दिलेला करारनामा मागून वाचा, त्यात विक्रीवर अट आहे का ते बघा. या योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान मिळतं. एवढी रक्कम सरकारने घातलेली नौका मालक वाटेल तेव्हा विकू शकेल, असं गृहीत धरू नका.

तिसरा पतसंस्थांचा. थकलेल्या कर्जासाठी पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि तो हातात आला की वसुली अधिकारी जंगम मालमत्ता जप्त करू शकतो. नौका ही जंगम मालमत्ताच. बंदराच्या गावात चार-पाच पतसंस्था असतात. मालकाच्या संमतीपत्रासह प्रत्येकीकडे जायला एक दिवस पुरतो. मालकाच्या नावाबरोबर तो जामीनदार कुणाला राहिलाय, हेही विचारा. स्वतःचं कर्ज नाही, पण मेव्हण्याच्या कर्जाला जामीन, आणि जप्ती नौकेवर, असं होतं.

चौथा, नौका कंपनीच्या नावावर असेल तर. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या मालमत्तेवरच्या बोजांची नोंद बघायला मिळते. अशी नौका क्वचित भेटते.

सेरसाय नावाची तारणाची केंद्रीय नोंदणी आहे. थोडं शुल्क भरून तिथे शोध घेता येतो, आणि हल्ली कुणीतरी हुशार पुतण्या मोबाइलवर तो शोध घेऊन ‘काही नाही, क्लिअर आहे’ असं सांगतो. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. ही नोंदणी बँकांच्या कर्जवसुलीच्या ज्या सरफेसी कायद्याखाली चालते, त्याच्या कलम ३१ मध्ये जहाज-नौकांवरचं तारण त्या कायद्यातून वगळलेलं आहे. म्हणजे तिथे नोंद सापडली तर ती उपयोगाची, पण सापडली नाही म्हणून नौका मोकळी आहे असं ठरत नाही. इंजिन वेगळं तारण असेल तर ते दिसू शकतं, म्हणून शोध जरूर घ्या.

धक्क्यावरची देणी

इतकं सगळं सरकारी तपासून झालं तरी मी अर्ध्यावरच आलेय, असं मानते. कारण मिरकरवाडा असो, हर्णै असो, साखरीनाटे असो की सातपाटी, नौका चालते ती उधारीवर. डिझेल, बर्फ, शिधा, जाळ्याचं सूत, वर्कशॉपचं काम, सगळं हंगामभर वहीत चढतं आणि मासळी विकली की उतरतं. हंगाम वाईट गेला की उतरत नाही.

कायद्याने बघितलं तर यांतली बरीच देणी जुन्या मालकाची व्यक्तिगत आहेत, नौकेबरोबर तुमच्याकडे येत नाहीत. पण तुम्हाला त्याच धक्क्यावर, त्याच बर्फवाल्याकडे, त्याच संस्थेकडे जायचं आहे. माझ्या मावसभावाला वकिलाने सांगितलं होतं की डिझेलची उधारी तुझी नाही, आणि ते बरोबर होतं. पण ऑगस्टचा पहिला आठवडा गेला की पापलेट-कोळंबीचा हातचा घास जातो. त्याने मुकाट्याने निम्मी उधारी भरली.

म्हणून नौका ज्या बंदरात लागते तिथे दोन दिवस काढा. संस्थेच्या हिशेबनीसाकडे नौकेच्या नावाचं खातं बघा, डिझेलच्या करपरताव्याचे पैसे कुणाला, कुठल्या खात्यात जातात तेही विचारा. परताव्याची मागच्या काळाची रक्कम येणे असेल तर ती कुणाची, हे करारात लिहा, नाहीतर पुढे त्यावरूनही भांडण होतं. बर्फाच्या कारखान्यात, सुताराकडे, इंजिन मेस्त्रीकडे, किराणा दुकानात नुसतं ‘ही नौका घेतोय, तुमचं काही येणं आहे का’ एवढंच विचारा. येणं असणारा माणूस आपणहून सांगतो. त्याच्यासाठी पैसे वसूल करायची तीच वेळ असते.

दलालाची किंवा व्यापाऱ्याची उचल हे सगळ्यांत अवघड देणं. हंगामाच्या सुरुवातीला व्यापारी मालकाला मोठी रक्कम देतो आणि बदल्यात त्या नौकेची मासळी त्यालाच द्यायची असं ठरतं. कागद असतोच असं नाही. नौका विकली गेली की व्यापारी म्हणतो, माझी उचल नौकेवर होती. तुम्ही नौका घेतल्यावर पहिल्याच लिलावाला तो येऊन उभा राहील. विसाराआधी त्या व्यापाऱ्याला, मालकाला आणि तुम्हाला एकत्र बसवा, रक्कम ठरवा, ती व्यवहाराच्या पैशातून थेट त्याला द्या आणि ‘या नौकेवर माझं काही येणं नाही’ असं लिहून घ्या.

खलाशांचं आणखी वेगळं. मे अखेरीस खलाशी गावी जातात, तेव्हा हंगामाचा हिशेब होतो. पुढच्या हंगामासाठी उचलही दिली जाते. जूनमध्ये नौका घेणाऱ्याला भेटायला खलाशी किनाऱ्यावर नसतात, म्हणून जमलं तर चौकशी मेमध्येच करा. तांडेलाला वेगळं भेटा, मालकाच्या समोर नको. वाटा मिळाला का, कुणाचा राहिलाय का, मागच्या दोन वर्षांत कुणाला नौकेवर दुखापत झाली का, कुणी दगावलं का. हे शेवटचे दोन प्रश्न नीट विचारा. त्यांचं उत्तर नौकेच्या अंगाला चिकटतं.

नौकेला चिकटून येणारी देणी

काही देणी कायद्यानेच नौकेवर असतात आणि मालक बदलला तरी सुटत नाहीत. याला मेरिटाइम लिएन म्हणतात. १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ॲडमिरल्टी, म्हणजे जहाज-नौकांवरच्या दाव्यांच्या, कायद्यात ती मोजून दिली आहेत: नौकेवरच्या कर्मचाऱ्यांचं वेतन, नौकेच्या कामकाजात झालेला मृत्यू किंवा इजा, बुडणारी नौका वाचवल्याचा मोबदला, बंदराचे आणि जलमार्गाचे आकार, आणि नौकेच्या धडकेने वगैरे झालेलं नुकसान. ही देणी साधारण एक वर्ष नौकेवर राहतात, वेतनाचं मात्र दोन वर्षं. त्यासाठी उच्च न्यायालय नौका अटकवू शकतं. आपल्याकडे आणि गोव्यात ते मुंबई उच्च न्यायालय.

मासेमारी नौकांवर असे दावे रोज होत नाहीत, पण दुसऱ्या नौकेचं जाळं तोडलं, धडक देऊन बुडवलं, खलाशी पाण्यात पडून गेला, अशा घटना बंदरात सगळ्यांना ठाऊक असतात. तांडेलाला विचारायचं ते यासाठीच. बंदराचे आकार थकलेत का, ते महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात कळतं. ससून डॉक किंवा भाऊचा धक्का असेल तर मुंबई बंदर प्राधिकरणाकडे विचारा.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. उच्च न्यायालयाने ॲडमिरल्टी दाव्यात विकलेली नौका घेणाऱ्याला सगळ्या बोजांपासून मोकळी मिळते. बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या लिलावात तसं नसतं. तिथे बहुधा ‘जशी आहे तशी’ या अटीवर विक्री होते, आणि बाकीची देणी शोधणं तुमच्यावर येतं. दोन्हीला लोक ‘लिलावातली नौका’ म्हणतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दंड, जप्ती, परवाना

२०२१ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्र सागरी मासेमारी कायद्यातले दंड फार वाढले. एलईडी दिव्यांनी मासेमारी केली तर ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत, पर्ससीनसारख्या, म्हणजे मासळीचा थवा वेढून खालून आवळायच्या, जाळ्यांचे नियम मोडले तर १ लाखापासून ६ लाखांपर्यंत. असा दंड लागलेली नौका मालक घाईने विकायला काढू शकतो. परवाना अधिकाऱ्यांकडे आणि सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात या क्रमांकावर कोणती कारवाई चालू आहे का, ते लेखी विचारा. उत्तर लांबलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, तीस दिवस धरून चाला.

नौका पोलिसांनी, तटरक्षक दलाने किंवा सीमाशुल्क विभागाने कधी पकडली होती का, हेही विचारा. डिझेलच्या तस्करीत सापडलेली नौका कोर्टातून मालकाला परत मिळते ती सुपुर्दनाम्यावर. म्हणजे नौका त्याच्या ताब्यात दिसते, समुद्रावरही जाते, पण खटला संपेपर्यंत ती विकायची नाही, हवी तेव्हा हजर करायची, असं त्याने कोर्टात लिहून दिलेलं असतं. अशी नौका स्वस्त असते. अशा स्वस्त नौकेपासून दूर राहा.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मालकाच्या नावाने जिल्ह्यातल्या आणि उच्च न्यायालयातल्या केसेस बघून घ्या. नावाची स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा.

परवान्याबद्दल एक गोष्ट नवख्यांना हमखास चुकवते. नौका घेतली म्हणजे तिचा मासेमारी परवाना आपोआप आपला होत नाही. तो नव्या मालकाच्या नावाने घ्यावा लागतो. पर्ससीनच्या बाबतीत तर जास्तच जपा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या जलधिक्षेत्रात, म्हणजे राज्याच्या हद्दीतल्या समुद्रात, पर्ससीनवर कडक निर्बंध आले, हंगामही १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच उरला. पर्ससीनच्या जाळ्यासकट मोठी किंमत मोजण्याआधी परवाना कोणत्या पद्धतीच्या मासेमारीचा आहे आणि तो तुमच्या नावाने मिळणार का, हे खात्याकडून लेखी घ्या.

गुजरात, गोवा, कर्नाटकातून येणारी नौका

तिकडच्या नौका इकडे येतात, दरात परवडतात. वर सांगितलेली सगळी चौकशी मात्र तिकडच्या बंदरात जाऊन करावी लागते, फोनवर होत नाही. तिकडच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा ना हरकत दाखला आणि तिकडची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्याचा क्रमांक नाळेवर घेऊन आपल्या पाण्यात मासेमारी करत राहणं म्हणजे पहिल्याच तपासणीत अडकणं.

पर्यटनाची बोट असेल तर

मालवण, तारकर्ली, अलिबाग भागात प्रवासी बोटी विकत मिळतात. त्यांची नोंदणी आणि सर्वेक्षण महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, अंतर्देशीय जलयान कायद्याखाली होतं. बंदर निरीक्षकाकडे नोंदणी, चालू सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि किती प्रवाशांची परवानगी आहे, ते बघा. मासेमारीची नौका रंगवून प्रवासी म्हणून विकली जात असेल तर घेऊ नका, त्यात माणसांचे जीव आहेत.

जाहीर नोटीस, करार आणि पैसे

एवढं झाल्यावर वकिलामार्फत स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या: अमुक क्रमांकाची नौका मी घेत आहे, कुणाचा हक्क, तारण, येणं असेल तर १५ दिवसांत कागदांसह कळवा. विकणारा नोटिशीला फार विरोध करू लागला, तर त्याचं कारण शोधा. नोटीस छापलेला अंक जपून ठेवा, आणि तीच नोटीस संस्थेच्या फलकावर आणि धक्क्यावर लावा. धक्क्यावरचा कागद जास्त माणसं वाचतात.

विसार थोडाच द्या, आणि विसारपावतीवर लिहा की मालकीत किंवा देण्यांत दोष निघाला तर विसार परत. मुख्य करारात नौकेचा क्रमांक, मोजमाप, इंजिन क्रमांक, सोबतच्या वस्तूंची यादी, आणि विकणाऱ्याचं स्पष्ट लिहिणं हवं, की नौकेवर काही बोजा नाही, अमुक तारखेपर्यंतची सगळी देणी त्याची. न सांगितलेला बोजा निघाला तर मालविक्री कायद्यानेही तोच जबाबदार असतो, पण कायद्याचं कलम वसुलीला जात नाही, म्हणून पैसे हातात ठेवा. मी सांगते ती पद्धत अशी: बँकेचं, संस्थेचं, व्यापाऱ्याचं जे देणं ठरलं ते तुम्ही थेट त्यांना भरा आणि बेबाकी घ्या. उरलेल्यातला मोठा भाग ताबा घेताना द्या. शेवटचा हप्ता, निदान किमतीचा दहावा हिस्सा, नोंदणी तुमच्या नावावर झाल्यावर.

पैसे बँकेतूनच द्या. २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा. शिवाय उद्या वाद झाला तर रोखीचा पुरावा काय दाखवणार?

ताबा घेतल्यावर लगेच

नोंदणी नावावर करण्याचा अर्ज खात्याच्या रिअलक्राफ्ट प्रणालीवर आणि सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयामार्फत होतो. ‘हंगाम संपल्यावर करू’ म्हणू नका. नौका जुन्या मालकाच्या नावावर राहिली तर त्याच्या कर्जासाठी ती जप्त होऊ शकते, आणि तुमच्या नौकेने काही केलं तर पोलीस त्याच्या दारात जातात. विकणाऱ्यालाही नावांतर हवंच असतं, त्यामुळे त्याला घेऊनच कार्यालयात जा.

विम्याचंही त्याच आठवड्यात बघा. नौका विकली म्हणून जुन्या मालकाची पॉलिसी आपोआप तुमची होत नाही. विमा कंपनीला कळवून ती तुमच्या नावावर करून घ्या किंवा नवी घ्या, आणि ते होईपर्यंत नौका पाण्यात लोटू नका. संस्थेत नवं खातं उघडा आणि जुन्या खात्यावर ‘बंद’ लिहून हिशेबनीसाची सही-शिक्का घ्या. माझ्या मावसभावाने हे सगळं पुढच्या खेपेला केलं. त्याने दुसरी नौका घेतली तेव्हा चौकशीला पाच आठवडे लागले. या वेळी १ ऑगस्टला तो पहाटेच डिझेल भरून बाहेर पडला.